छडी, शाळा आणि आपली मुले

शाळेत मुलांना मारावे की मारू नये, हा प्रश्न आपल्या विचारपीठांवर फारसा चर्चिला जात नाही. जमिनीवर, राखीव जागांवर, शिष्यवृत्त्यांवर, वसतिगृहांवर आपण बोललो, लिहिले, लढलो. छडीचा प्रश्न मात्र 'शैक्षणिक' ठरवून शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांकडे सोपवला आणि मोकळे झालो. माझे म्हणणे असे की हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा आहेच, पण त्याआधी तो समाजव्यवस्थेचा आहे. शाळेत कोणाला, कशासाठी आणि कोणाच्या अधिकाराने मारले जाते, हे तपासले की त्या चार भिंतींच्या आत सबंध गाव उभे असलेले दिसते.

आपल्यापैकी शिकलेली माणसे एक वाक्य नेहमी बोलतात: 'मास्तरांनी फोडून काढले म्हणून मी शिकलो.' मीही ते बोललो आहे. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. एका १४ एप्रिलच्या सभेत, व्यासपीठावरून, मोठ्या अभिमानाने मी हे वाक्य बोललो. घरी आल्यावर माझी थोरली बहीण म्हणाली, 'तू मार खाऊन शिकलास म्हनतोस. मार तर म्या बी तेवढाच खाल्ला. मग म्या का न्हाई शिकले?'

अक्का त्याच शाळेत माझ्यापुढे दोन इयत्ता होती. आई पहाटे कामाला जायची. पाणी भरणे, भाकरी थापणे, धाकट्यांना सांभाळणे हे सारे अक्काकडे होते. तिला शाळेत पोहोचायला रोज उशीर होई आणि उशिराबद्दल रोज हातावर छड्या बसत. चौथीत तिने शाळा सोडली. तिला का उशीर होतो, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नव्हते. तिच्या प्रश्नाला त्या रात्री माझ्यापाशी उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

१. छडीचा अधिकार आला कोठून?

मराठीत 'शिक्षण' आणि 'शिक्षा' हे दोन शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवणे. हिंदीत आजही शिक्षा म्हणजे शिक्षणच. मराठीत मात्र शिक्षा म्हणजे दंड झाला. एका शब्दाच्या अर्थावरून सबंध समाजाचे निदान करू नये हे खरे. पण शिकणे आणि दंड भोगणे यांतले अंतर आपल्याकडे किती कमी मानले गेले, याची खूण म्हणून तो लक्षात ठेवायला हरकत नाही.

या अधिकाराची लेखी परंपरा जुनी आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे की रागाच्या भरात कोणावरही दंड उगारू नये. अपवाद फक्त पुत्र आणि शिष्य यांचा, त्यांना वळण लावण्यासाठी मारता येईल. आठव्या अध्यायात पत्नी, पुत्र, दास, धाकटा सख्खा भाऊ अशांना अपराध केल्यास दोराने किंवा वेळूच्या कांबीने मारण्याची मुभा आहे. मात्र पाठीवर, डोक्यावर नव्हे. गौतम धर्मसूत्र याहून थोडे सौम्य आहे. शिष्याला शक्यतो मारू नये, दुसरा उपायच नसेल तर बारीक दोर किंवा बारीक कांब वापरावी, याखेरीज अन्य साधनाने मारणाऱ्या गुरूला राजाने शासन करावे, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे मारावे की नाही याबद्दलचा संकोच त्या काळीही होता.

या यादीकडे नीट पाहावे. पत्नी, पुत्र, दास, शिष्य, धाकटा भाऊ. या सर्वांत समान काय आहे? ते सारे कोणाच्या तरी ताब्यातले आहेत. मारण्याचा अधिकार येथे ज्ञानातून येत नाही, मालकीतून येतो. जो ताब्यात आहे त्याला मारता येते, आणि मारता येते म्हणून तो ताब्यात राहतो.

आणखी एक गोष्ट. या यादीतल्या शिष्यांत आपण नव्हतो. शूद्रातिशूद्राला शिष्य होण्याचाच अधिकार नव्हता. त्याच्यासाठी दंड होता तो शिकताना चुकल्याबद्दल नव्हे, शिकण्याचा प्रयत्न केल्याबद्दल. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेला रस ओतावा असे सांगणारे धर्मसूत्र तेच, गौतमाचे. शिष्याला बारीक कांबीने मारावे असे सांगणारे. एकाच ग्रंथात ताब्यातल्या मुलासाठी बारीक कांब आणि दाराबाहेरच्या माणसासाठी वितळलेला धातू. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा शिक्षेचा हा दुहेरी हिशोबही त्या आगीत टाकला गेला होता, असे मी मानतो.

इंग्रजी राज्याने छडीला कायद्याचा आधार दिला. इंग्लंडमध्ये १८६० साली ईस्टबोर्न येथील एका खासगी शिक्षकाने आपल्या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याला इतके मारले की तो मुलगा मेला. शिक्षकाला शिक्षा झाली. पण त्याच खटल्यात न्यायाधीशांनी तत्त्व सांगितले ते असे की बाप, आणि बापाने अधिकार सोपवलेला शिक्षक, मुलाला 'माफक व वाजवी' मार देऊ शकतो. त्याच वर्षी आपला भारतीय दंडसंहितेचा कायदा झाला. त्याच्या ८९ व्या कलमात बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, सद्हेतूने, पालकाच्या संमतीने केलेल्या कृत्याला संरक्षण होते. या कलमात छडीचा शब्द नाही. पण मारकुट्या शिक्षकांच्या बचावासाठी त्याचा आधार घेतला जात राहिला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २७ व्या कलमात ही तरतूद कायम आहे.

मनूच्या यादीतला पुत्र आणि शिष्य, इंग्लंडच्या न्यायालयातला बाप आणि त्याचा प्रतिनिधी शिक्षक: दोन्ही ठिकाणी तर्क एकच. मूल स्वतः कोणी नाही. ते कोणाचे तरी आहे.

२. एकच छडी, दोन अर्थ

दलित मूल शाळेत आले तेव्हा काय झाले? जोतीराव फुल्यांनी १८५२ साली पुण्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. त्या शाळांतून शिकलेल्या मुक्ता या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. धर्म, राज्य आणि आपल्या लोकांचे हाल यांविषयी एका शाळकरी मुलीने थेट प्रश्न विचारले. मुलाला बोलू दिले, तर थोड्या वर्षांच्या शिक्षणातूनही काय निपजते याचा हा पुरावा आहे. पण सरकारी शाळांचे दार उघडायला तयार नव्हते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तो नाकारला गेला.

पुढे दार किलकिले झाले, पण आत बसायला जागा नव्हती. सातारच्या शाळेत भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे. ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, कारण शाळेचा झाडूवालाही त्याला हात लावायला तयार नसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे; शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. येथे छडी कोठेच नाही. तरीही ही रोजची शिक्षा होती, आणि तिच्यासाठी काही चूक करावी लागत नव्हती.

माझे आजोबा स्वातंत्र्याच्या आधी दोन यत्ता शिकले. ते सांगत, मास्तर बाकीच्या मुलांना जवळ बोलावून छडी मारीत. महारवाड्यातल्या पोरांना मात्र लांबूनच छडी फेकून मारीत आणि मग तीच छडी पाणी शिंपडून उचलून आणायला दुसऱ्या पोराला सांगत. आजोबा हे हसत हसत सांगत. आम्हीही लहानपणी हसत असू. पुढे लक्षात आले की शिक्षेतसुद्धा अस्पृश्यता पाळली जात होती. मारतानाही मास्तर त्या मुलाला आपला विद्यार्थी मानायला तयार नव्हता.

ओमप्रकाश वाल्मीकी यांचे 'जूठन' हे हिंदी आत्मकथन १९९७ साली प्रसिद्ध झाले. मुजफ्फरनगर जिल्ह्यातील त्यांच्या गावच्या शाळेत हेडमास्तरांनी त्यांना वर्गात बसू न देता सबंध शाळा आणि मैदान झाडायला लावले. तिसऱ्या दिवशी ते गुपचूप वर्गात जाऊन बसले, तर मानगूट धरून बाहेर ओढले आणि पुन्हा हातात झाडू दिला. वडील तेथून जात होते, त्यांनी मुलाच्या हातातला झाडू हिसकावून फेकला आणि हेडमास्तरांना जाब विचारला. येथे अभ्यास न करण्याची शिक्षा नाही. अभ्यासाला बसण्याचीच शिक्षा आहे, आणि शिक्षेचे स्वरूप जातीचा धंदा हे आहे.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. २०२२ सालच्या जुलै महिन्यात राजस्थानात जालोर जिल्ह्यातील सुराणा गावी एका खासगी शाळेतील नऊ वर्षांच्या दलित मुलाला शिक्षकाने मारले आणि १३ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या दोन दिवस आधी, तो मुलगा अहमदाबादच्या रुग्णालयात मरण पावला. शिक्षकाच्या माठातले पाणी प्यायला म्हणून मारले, असा कुटुंबाचा आरोप. माठाच्या गोष्टीवर वाद झाला. पण मूल मेले याबद्दल वाद नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुजफ्फरनगर जिल्ह्यातच एका शिक्षिकेने एका मुस्लिम मुलाला वर्गातील इतर मुलांकडून आळीपाळीने थपडा मारवल्या. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. या दुसऱ्या घटनेत शिक्षिकेने स्वतः हात उचलला नाही. तिने वर्गाला मारायला शिकवले. हा त्या दिवशीचा धडा होता.

म्हणून मी म्हणतो, एकाच छडीला दोन अर्थ असतात. वरच्या जातीच्या, खात्यापित्या घरच्या मुलाला मारले जाते तेव्हा त्याला कळते की आपली चूक झाली. आपल्या मुलाला मारले जाते तेव्हा चुकीबरोबर त्याला आणखी एक गोष्ट कळते: आपण येथले नाही. जखम सारखी दिसली तरी तिचा अर्थ सारखा नसतो.

३. मुले कशाबद्दल मार खातात?

आपल्या खेड्यापाड्यांतल्या आणि झोपडपट्ट्यांतल्या शाळांत मुले कोणत्या कारणांनी मार खातात, याची यादी करून पाहावी. उशिरा आला. अंघोळ केली नाही. गणवेश मळका आहे. वही नाही. गृहपाठ केला नाही. फी भरली नाही. चार दिवस गैरहजर होता. अशुद्ध बोलला.

या यादीतली बहुतेक कारणे मुलाच्या वर्तनाची नाहीत, घरच्या परिस्थितीची आहेत. सार्वजनिक नळाला पाणी दुपारी येते, त्याला मूल काय करणार? घरात एकच खोली आणि एकच दिवा, तेथे गृहपाठ कोठे बसून करावा? आईबाप ऊसतोडीला गेले की पोराला बरोबर जावे लागते, मागे राहिले तर त्याला कोण जेवू घालणार? म्हणजे आपण ज्याला शिस्त म्हणतो ती पुष्कळदा दारिद्र्याला दिलेली शिक्षा असते. बापाच्या गरिबीबद्दल पोराच्या हातावर वळ उठतात. मारल्याने नळाला पाणी लवकर येत नाही आणि घरात वहीही येत नाही. मुलाच्या लक्षात एवढेच येते की शाळेत न गेले तर मार चुकतो. आणि ते जात नाही.

भाषेची गोष्ट याहून खोल आहे. 'पानी', 'व्हतं', 'न्हाई' ही आमच्या घरची भाषा. आई याच भाषेत जोजावते, याच भाषेत रडते. तिच्याबद्दल वर्गात मार बसला किंवा वर्ग हसला की मूल दोनपैकी एक गोष्ट करते: आईची भाषा टाकते, नाहीतर बोलणेच टाकते. माझ्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला येणारी आपली मुले शेवटच्या बाकावर गप्प बसतात. सहकारी म्हणतात, ही मुले मठ्ठ आहेत. मठ्ठ नाहीत. तोंड उघडले की काहीतरी बसते, हे ती दहा-बारा वर्षे शिकून आलेली असतात. त्यांनी तो धडा नीट शिकला आहे.

भीतीने काही गोष्टी पाठ होतात, हे खरे. पाढे होतात, सनावळ्या होतात. पण भ्यालेल्या मुलाचे लक्ष गणितावर नसते, मारणाऱ्याच्या हातावर असते. प्रश्न विचारणे, चुकून पाहणे, पुन्हा करणे हा शिकण्याचा खरा मार्ग. आणि जेथे चुकीला मार आहे तेथे तो बंद होतो. शाळेतल्या हिंसेविषयी इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाम या चार देशांत मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून अभ्यास झाला आहे. त्याचे भारतातले काम आंध्र प्रदेश व तेलंगणात चालले. तेथील आठ वर्षांच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक मुलांनी आदल्या आठवड्यात शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले. घरच्या माराविषयी पाच दशकांतील ७५ अभ्यासांचा एकत्र विचार करणारे एक संशोधन २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती होती. मारामुळे मुले अधिक आज्ञाधारक किंवा अधिक समंजस होतात, असे त्यात दिसले नाही. उलट आक्रमकता आणि मानसिक त्रास यांच्याशी माराचा संबंध दिसला.

आता अक्काच्या प्रश्नाकडे वळू. 'मार खाऊन शिकलो' असे म्हणणारा माणूस व्यासपीठावर असतो. मार खाऊन शाळा सोडलेला माणूस वीटभट्टीवर, उसाच्या फडात, नाक्यावर असतो; त्याच्यापुढे ध्वनिक्षेपक कोणी ठेवत नाही. आपण फक्त उरलेल्यांना मोजतो आणि म्हणतो, छडी कामाला आली. माझ्या बाबतीत खरे काय होते? मला उशीर होत नव्हता, कारण पाणी अक्का भरत होती. मला वही होती, कारण तिची शाळा सुटल्यावर ती मजुरीला जाऊ लागली होती. मी शिकलो तो छडीमुळे नव्हे, अक्कामुळे. श्रेय मात्र मी छडीला दिले.

४. कायदा काय म्हणतो?

कार्यकर्त्यांना आणि पालकांना कायद्याची माहिती हवी, म्हणून ती थोडक्यात देतो.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शारीरिक शिक्षा शिक्षणव्यवस्थेतून काढून टाकली जाईल असे जाहीर केले. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९२ साली सामील झाला. शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असली पाहिजे, असे त्या करारात आहे. दिल्लीच्या शाळांच्या नियमांत छडीला परवानगी होती. १ डिसेंबर २००० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील बालछळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी, म्हणजे तीनपैकी दोघांनी, शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले होते.

यानंतर आला तो शिक्षण हक्क कायदा. २००९ साली संमत झालेला हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याचे १७ वे कलम स्पष्ट आहे: कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा करता येणार नाही, तसेच मानसिक छळही करता येणार नाही, करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होईल. हा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०१२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांच्या जोडीला भेदभाव हा तिसरा प्रकार सांगितला आहे. जातीवरून टोमणे मारणे, वेगळे बसवणे, संडास-मोरी साफ करायला विशिष्ट मुलांनाच लावणे हे सारे त्यात येते. ही आपल्या कामाची गोष्ट आहे.

चौदा वर्षांवरील मुलांसाठी २०१५ चा बालन्याय कायदा आहे. त्याच्या ७५ व्या कलमाप्रमाणे, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्या मुलावर हल्ला केला किंवा त्याचा छळ केला तर तो गुन्हा आहे. हे संरक्षण अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला आहे. आणि जातीवरून जाणूनबुजून जाहीर अपमान झाला असेल, तर १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच.

कायदा इतका स्पष्ट असताना छडी का थांबत नाही? कारण तक्रार करणारा बाप त्याच गावात मजुरी करतो. संस्थाचालक, सरपंच आणि मालक पुष्कळदा एकाच घरातले असतात. कायदा कागदावर मुलाच्या बाजूने आहे. गाव शिक्षकाच्या बाजूने आहे की मुलाच्या, हे जातीवर ठरते. याची दुसरी बाजूही आपण लपवू नये. आपला एखादा शिक्षक वरच्या जातीच्या मुलाला रागे भरला तरी गाव त्याच्यावर उठते. म्हणजे मारण्याचा अधिकारसुद्धा सर्व शिक्षकांना सारखा नाही. आपल्या शिक्षकबांधवांनी हे ओळखावे: छडी सोडण्याने त्यांचे काही जात नाही, कारण ती पुरती त्यांच्या हातात कधी नव्हतीच.

५. अन्य देशांतील अनुभव

ज्या इंग्लंडमधून 'माफक व वाजवी' माराचे तत्त्व आले, त्या देशाने १९८६ साली कायदा करून सरकारी शाळांतील छडी बंद केली. १९८७ पासून बंदी लागू झाली. स्वीडनने शाळेतला मार १९५८ साली थांबवला आणि १९७९ साली आईबापांनाही मुलाला मारण्यास मनाई केली. या देशांतल्या शाळा ओस पडल्या नाहीत.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे आणि आपल्याला जवळची आहे. १९७० साली फ्लोरिडा राज्यातील मायामी येथे एका चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याला शाळेत लाकडी फळीने वीसहून अधिक फटके मारले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: क्रूर शिक्षेविरुद्धचे घटनेचे संरक्षण शाळकरी मुलांना लागू होत नाही. ते संरक्षण गुन्हेगारांसाठी आहे. म्हणजे कैद्याला फटके मारता येत नाहीत, विद्यार्थ्याला येतात. आजही तेथील काही राज्यांत, मुख्यतः दक्षिणेत, शाळेत मार कायदेशीर आहे. आणि तेथील सरकारी आकडेवारीत काळी मुले त्यांच्या संख्येच्या प्रमाणाबाहेर मार खाताना दिसतात. गुलामीच्या मळ्यांचा प्रदेश आणि शाळेत फळी चालणारा प्रदेश पुष्कळसा एकच असावा, हा मला योगायोग वाटत नाही.

६. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप शिक्षकांचा: एका वर्गात साठ-सत्तर मुले, दोन-दोन इयत्ता एकत्र, वर निवडणुका, सर्वेक्षणे, माहितीचे तक्ते, छडीवाचून वर्ग कसा सांभाळावा? ही अडचण खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे एक शिक्षक आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवले आहे. ते पाळले जात नसेल तर भांडण सरकारशी आहे. सरकारवरचा राग सात वर्षांच्या पोरावर काढणे हा त्यावरचा उपाय नव्हे. शिक्षक भरतीची मागणी आणि छडीबंदीची मागणी एकत्र केली पाहिजे.

दुसरा आक्षेप आपल्याच पालकांचा: 'मारा, पण शिकवा.' आमचे वडीलही हेच म्हणत. याकडे तुच्छतेने पाहू नये. ज्याच्याकडे पोराला देण्यासारखे काही नाही, तो बाप मास्तरापुढे आपला एकमेव हक्क ठेवतो आणि बदल्यात शिक्षण मागतो. पण हा सौदा फसवा आहे. शिक्षण हा आपल्या मुलांचा हक्क आहे. तो मिळवण्यासाठी मुलाची पाठ गहाण ठेवण्याची गरज नाही. हे वस्तीवस्तीत जाऊन सांगावे लागेल. आणि घरातला मारही थांबवावा लागेल. दिवसभर मालकाची बोलणी खाऊन आलेला बाप रात्री पोरावर हात टाकतो, तेव्हा तो मालकाचेच काम पुढे चालवत असतो.

तिसरा आक्षेप: मार नाही तर शिस्त नाही. याला उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींच्या मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी मुलांना दोष दिला नाही, शाळा बदलली. बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरवली. पाने, बिया, शंख-शिंपले हे शिकवण्याचे साहित्य झाले. मुलाला अंघोळ नसेल तर अंघोळ घालणे हा शाळेचाच भाग मानला. माझ्या बहिणीला उशिराबद्दल छडी मिळाली. कोसबाडला शाळाच मुलाच्या वेळेला हजर झाली. शिस्त तेथेही होती, पण ती मुलाच्या जगण्याशी जोडलेली होती.

७. आपण काय करावे?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. पुष्कळ ठिकाणी आपली माणसे या समितीवर नावापुरती असतात. सह्या घरी येऊन घेतल्या जातात. कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतली समिती तपासावी, पालकांना बैठकीला न्यावे आणि मुलांना होणाऱ्या शिक्षेचा विषय प्रत्येक बैठकीत मांडायला लावावा. एकट्या बापाने तक्रार करू नये. पाच-दहा पालकांनी मिळून लेखी करावी, पोच घ्यावी. मुख्याध्यापक ऐकत नसेल तर गटशिक्षणाधिकारी, त्यापुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोग. मुलांना १०९८ हा दूरध्वनी क्रमांक पाठ असावा.

विद्यार्थ्यांनी एक काम हाती घ्यावे. आपापल्या वस्तीत शाळा सोडलेल्या मुलामुलींना भेटून शाळा का सोडली, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. गळतीचे आकडे सरकार देते; गळतीची कारणे त्या मुलांखेरीज कोणी देऊ शकणार नाही. आपल्या आत्मकथनांनी शिकून पुढे गेलेल्या माणसाचे बालपण साहित्यात आणले. शाळेतून परत गेलेल्या मुलाचे, आणि विशेषतः मुलीचे, बालपण अजून पुरते लिहिले गेलेले नाही.

शिक्षक असलेल्या आपल्या मित्रांना एकच विनंती. उद्या वर्गात उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा करण्याआधी, 'का उशीर झाला?' एवढे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. बाबासाहेबांच्या संदेशातला 'शिका' हा शब्द मुलांना उद्देशून तर आहेच. मुलांकडून शिकणे हेही त्यात आले.

हा लेख लिहून झाल्यावर मी अक्काला वाचून दाखवला. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, 'हे त्या सभेत बोलायचं व्हतंस.' पुढच्या १४ एप्रिलला बोलणार आहे.